आधी नियमांची वही दाखवा!



मांजरसुंब्याच्या चौकात उभे राहिलात तर चारी दिशांना रस्ते फुटलेले दिसतात. उत्तरेचा रस्ता घाट उतरून बीडला जातो. दक्षिणेचा चौसाळा, येरमाळा, तुळजापूर करीत सोलापूर गाठतो. पूर्वेला नेकनूर, केज आणि अंबाजोगाई. पश्चिमेचा रस्ता बालाघाटाच्या माथ्यावरून पाटोद्याकडे वळतो. प्रवासी इथे रबडी खायला थांबतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. आपण मात्र या चौकात थोडे जास्त वेळ थांबणार आहोत, कारण आजचा आपला विषय आहे जादू, आणि पश्चिमेचा तो रस्ता महाराष्ट्रातल्या एका जुन्या अद्भुत प्रदेशाकडे जातो. पाटोदा तालुक्यातील चिंचोलीला गहिनीनाथांचे स्थान आहे. आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मायंबा येथे मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. त्याच डोंगररांगांच्या आधाराने पुढे गेले की पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथ. या नाथांच्या अस्त्रांच्या आणि मंत्रांच्या कथा तुमच्यापैकी अनेकांनी आजीच्या तोंडून ऐकल्या असतील.

आणि दुसरी जादू तुमच्या खिशात आहे. मोबाईलवरच्या खेळांत कोणी अग्नीचा मांत्रिक असतो, कोणी बर्फाचा; कोणी जखमा भरून काढतो, तर कोणी शत्रूला भास दाखवतो. प्रत्येकाची विद्या वेगळी, प्रत्येकाची ताकद वेगळी. अनेक शिक्षकांना आणि पालकांना याची चिंता वाटते. ‘असले मंत्रतंत्राचे खेळ खेळून मुले अंधश्रद्धाळू होतील,’ असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. या खेळांवर माझे इतर आक्षेप आहेत; वेळ जातो, डोळे शिणतात, आणि एक फार मोठा आक्षेप पुढे सांगणार आहे. पण जादूबद्दलचा आक्षेप मात्र चुकीच्या जागी घेतला जातो आहे असे माझे मत आहे. ते का, ते पाहू.

खेळातली ही जादू कशी चालते? आजच्या बहुतेक अशा खेळांचे मूळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात सापडते. हा खेळ संगणकाचा नव्हता. टेबलाभोवती बसायचे, फासे टाकायचे, आणि पुस्तकातल्या नियमांनुसार गोष्ट पुढे न्यायची. त्याच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मांत्रिकांना आठ शाखांपैकी एखादीत प्रावीण्य मिळवण्याची सोय झाली. मराठीत त्या शाखांना साधारण अशी नावे देता येतील: रक्षणाची, आवाहनाची, भविष्य जाणण्याची, भुरळ घालण्याची, ऊर्जा फेकण्याची, भास निर्माण करण्याची, मृतांशी संबंध ठेवणारी आणि वस्तूंचे रूप पालटणारी. गंमत अशी की एका शाखेत प्रवीण झालात की तिच्या विरोधी शाखा तुम्हाला कायमच्या बंद. सगळे काही एकाच वेळी मिळत नाही.

शिवाय प्रत्येक मंत्राला किंमत आहे. या खेळाच्या जुन्या आवृत्त्यांतला मांत्रिक सकाळी ठरावीक संख्येने मंत्र पाठ करी, आणि मंत्र एकदा वापरला की तो त्याच्या डोक्यातून पुसला जाई. ही कल्पना गायगॅक्स यांनी जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० मधील कथांवरून घेतली. इतर खेळांत निळी पट्टी असते, तिला ‘माना’ म्हणतात. मंत्र टाकला की पट्टी कमी होते, विश्रांती घेतली की भरते. हा शब्द मूळचा प्रशांत महासागरातल्या बेटांवरचा. कॉड्रिंग्टन नावाच्या धर्मोपदेशकाने १८९१ च्या आपल्या ग्रंथातून तो युरोपला नीट ओळखीचा करून दिला. पुढे १९६९ मध्ये लॅरी निव्हन या विज्ञानकथाकाराने एक कथा लिहिली. तिच्यात माना हे विहिरीतल्या पाण्यासारखे संपणारे द्रव्य ठरले: उपसत राहिलात तर एक दिवस तळ लागणार. दुष्काळी तालुक्यातल्या वाचकाला ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

त्या पुस्तकातल्या मंत्रांना लागणारे साहित्यही पाहण्यासारखे आहे. आगीचा गोळा फेकायचा असेल तर वटवाघळाची विष्ठा आणि गंधक हवे. हसू नका! वटवाघळांच्या गुहांतल्या विष्ठेपासून पूर्वी सोरा काढीत, आणि सोरा, गंधक व कोळसा मिळून बंदुकीची दारू होते. विजेचा लोळ सोडायचा असेल तर काचेची किंवा अंबराची कांडी आणि केसाळ कातड्याचा तुकडा हवा. काचकांडी रेशमावर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग तुम्ही वर्गात केलाच असेल. खेळ रचणाऱ्यांनी विज्ञानाचे पुस्तक शेजारी ठेवूनच ही थट्टा केली आहे.

आता पश्चिमेच्या रस्त्याने थोडे पुढे जाऊ. ‘नवनाथ भक्तिसार’ हा ग्रंथ धुंडिसुत मालू यांनी शके १७४१ मध्ये, म्हणजे इसवी सन १८१९ मध्ये पूर्ण केला. चाळीस अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ अनेक घरांत श्रद्धेने वाचला जातो. त्या श्रद्धेशी आपले इथे काही भांडण नाही. आपण फक्त त्यातली कथा कशी चालते तेवढे पाहू. तिथेही विद्या वेगवेगळ्या आहेत. कोणी अग्न्यस्त्र सोडले तर समोरचा पर्जन्यास्त्राने ते विझवतो. पर्वत अंगावर आला तर त्याला वज्र. वाताकर्षण विद्येने तर समोरच्याचा श्वासच रोखला जातो. प्रत्येक अस्त्राला प्रतिअस्त्र आहे, आणि ते आठवले नाही तर मोठा योद्धाही जमिनीवर येतो. म्हणजे कोणत्याही एका विद्येने सगळे जिंकता येत नाही. मोबाईलच्या खेळात ‘आगीवर पाणी भारी, पाण्यावर वीज भारी’ असे जे कोष्टक तुम्ही तोंडपाठ करता, त्याचे हे आपल्याकडचे थोरले भावंड.

त्यातली एक कथा मला विशेष आवडते. गोरक्षनाथ आणि कानिफनाथ यांची आमराईत गाठ पडते. मंत्राने पिकलेले आंबे खाली उतरवले जातात, शिष्य पोटभर खातात. मग गोष्ट निघते ती उरलेल्या आंब्यांची: हे परत झाडाला लावता येतील का? खाली उतरवणे ठीक, पण तुटलेले फळ देठाला पुन्हा जोडणे हे काही ऐऱ्यागैऱ्याचे काम नव्हे. गोरक्षनाथ संजीवनी विद्येने ते करून दाखवतात.

या कथेत भौतिकशास्त्रातली एक फार खोल गोष्ट सहज येऊन गेली आहे. फळ पडणे आणि फळ परत चिकटणे या दोन क्रिया एकमेकींच्या उलट आहेत, पण सारख्या सोप्या नाहीत. अंडे फुटते, पण फुटलेले अंडे आपणहून जुळत नाही. दुधात साखर विरघळते, पण चमचा उलट फिरवून साखर परत मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात कार्नो, क्लॉसियस, बोल्ट्‌झमन अशा शास्त्रज्ञांनी हा ‘एकेरी रस्ता’ गणितात बसवला आणि उष्मागतिकीचा दुसरा नियम सिद्ध झाला. मालूंना अर्थातच हे गणित ठाऊक नव्हते, आणि ‘आमच्या पोथीत सगळे आधीच होते’ असे मी म्हणतो आहे असा अर्थ कृपया काढू नका. मुद्दा इतकाच, की चांगल्या कथाकाराला जगाचे निरीक्षण असते. कोणती जादू सोपी आणि कोणती अवघड वाटावी, हे तो त्या निरीक्षणावरून ठरवतो. आंबा तोडणे आणि आंबा जोडणे यांना त्याने एकच किंमत लावली असती तर ऐकणाऱ्या शेतकऱ्याला ती कथा पटली नसती.

जुन्या तंत्रग्रंथांत जादूची आणखी एक वाटणी आहे, तिला षट्कर्मे म्हणतात: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण. ही वाटणी ‘काय घडते’ यावरून केलेली आहे. ‘कसे घडते’ याबद्दल ती काही सांगत नाही. जेम्स फ्रेझर या ब्रिटिश अभ्यासकाने जगभरच्या जादूटोण्याच्या चाली गोळा केल्या. त्याच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८९० ची. त्याने ‘कसे’ हा प्रश्न विचारला आणि त्याला या साऱ्यामागे दोनच समजुती दिसल्या. एक, सारख्या गोष्टी सारख्याच गोष्टी घडवतात. म्हणून माणसाची बाहुली करून तिला टाचण्या टोचायच्या. दुसरी, जे एकदा चिकटलेले होते ते तुटल्यावरही जोडलेलेच राहते. म्हणून कापलेले केस आणि नखे कोणाच्या हाती पडू द्यायची नाहीत. या दोन्ही समजुती खोट्या आहेत. पण त्या स्पष्ट शब्दांत मांडता येतात, म्हणूनच त्या खोट्या आहेत हे तपासता येते. बाहुलीला टाचणी टोचा आणि त्या माणसाची नाडी पाहा. झाले!

आता खेळातलाच एक नियम घेऊन त्याची जरा झाडाझडती घेऊ. बर्फाचा मांत्रिक हात हलवतो आणि समोरचे तळे गोठते. तळे राहू द्या, आपण घराच्या गच्चीवरची १००० लिटरची टाकी घेऊ. पाणी २५ अंश सेल्सिअसवर आहे. ते शून्य अंशावर आणायचे तर त्यातून दर लिटरला दर अंशाला ४.१८ किलोजूल उष्णता काढावी लागेल. म्हणजे एकूण १,०४,५०० किलोजूल. मग शून्य अंशाच्या पाण्याचा शून्य अंशाचा बर्फ करायला दर लिटरला आणखी ३३४ किलोजूल. म्हणजे ३,३४,००० किलोजूल. बेरीज ४,३८,५०० किलोजूल. विजेच्या बिलाच्या भाषेत सुमारे १२२ युनिट.

पण ही उष्णता गेली कुठे? खेळ या प्रश्नाला उत्तर देत नाही. निसर्गात मात्र ती नाहीशी होऊ शकत नाही. घरातल्या फ्रीजच्या मागे हात धरून पाहा, तिथे गरम लागते. फ्रीज थंडी तयार करीत नाही. आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो, आणि त्यासाठी लागलेल्या विजेची उष्णताही तिच्यात मिसळतो. मग आपल्या मांत्रिकाने टाकीतली ही उष्णता आजूबाजूच्या हवेत सोडली असे धरू. ६० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि १० मीटर उंच अशा प्रचंड सभागृहातली सगळी हवा तिने सुमारे २० अंशांनी तापेल. उन्हाळ्यातल्या दुपारी हे केले तर बर्फाचा मांत्रिक स्वतःच भाजून निघेल. आणि त्याने एका सेकंदात टाकी गोठवली असेल तर उष्णता बाहेर पडण्याचा वेग झाला सुमारे ४३८ मेगावॅट. आपल्याच जिल्ह्यातल्या परळीच्या औष्णिक वीज केंद्रातला एक संच २५० मेगावॅटचा आहे. त्यावरून अंदाज करा.

यातून एक मजेदार निष्कर्ष निघतो. खेळात आग आणि बर्फ या विरोधी शाखा मानतात. निसर्गाचे नियम लावले तर त्या दोन शाखा उरतच नाहीत. थंडी नावाचे वेगळे द्रव्य नाही. आहे ती उष्णता, आणि ती एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जिनिव्हाच्या मार्क-ऑगस्ट पिक्टे याने समोरासमोर दोन अंतर्गोल आरसे ठेवले. एकासमोर तापमापक ठेवला आणि दुसऱ्यासमोर बर्फाची कुपी. तापमापकाचा पारा उतरला! थंडीचे किरण परावर्तित झाले की काय? नाही. तापमापकच आपली उष्णता आरशांमार्फत बर्फाकडे पाठवीत होता आणि बर्फाकडून त्याला त्या मानाने फार थोडी परत मिळत होती. पण तुम्हीही तिथे असता तर क्षणभर थंडीच्या किरणांवर विश्वास ठेवलाच असता, यात शंका नाही.

हा सगळा हिशेब आपल्याला करता आला तो कशामुळे? खेळाने सांगितले होते की अमुक इतके पाणी, अमुक इतक्या वेळात गोठते. नियम लिहिलेला होता, म्हणून तो धरून पुढे जाता आले आणि तो कुठे फाटतो ते दिसले. मुलांना या खेळांचे नियम किती बारकाईने माहीत असतात ते शिक्षकांनी एकदा विचारून पाहावे. कोणत्या मंत्राला किती माना लागतो, कोणत्या अंतरावर तो निष्प्रभ होतो, दोन मंत्र एकत्र केले तर काय होते, हे मुले प्रयोग करून शोधतात, आकडे लिहून ठेवतात, मित्राने सांगितलेले खोटे निघाले तर भांडतात. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण याहून वेगळे काय मागतो?

आता दुसऱ्या जादूकडे वळू. तिच्यापायी माणसे मरतात.

भानामती हा शब्द मराठवाड्यातल्या वाचकाला नवा नाही. एखाद्या घरात कपड्यांना आपोआप आग लागते, दगड पडतात, अन्नात घाण सापडते, कोणाच्या अंगावर फुल्या उठतात. मग देवऋषी येतो, आणि शेवटी गावातली एखादी विधवा किंवा एकटी बाई ‘करणी करणारी’ ठरते. फुल्यांचे म्हणाल तर बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की तिथे फोड येतो आणि काळा डाग उठतो, हे प्रत्येक जुन्या बाईला माहीत असते. आग लावायला पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीनचे थेंब पुरतात. (हे घरी करून पाहू नका, शिक्षकांनी प्रयोगशाळेत दाखवले तर पाहा.) अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी अशा प्रकरणांचा छडा लावला तेव्हा त्यामागे भूत नसून बहुधा घरातलेच कोणीतरी त्रासलेले, कोंडलेले माणूस निघाले. त्याला गरज होती ती मदतीची. पण तोवर एखाद्या निरपराध बाईला गावाने वाळीत टाकलेले असते.

या जादूला नियमांची वही नसते. देवऋषीला विचारा: तुमचा मंत्र किती अंतरावरून चालतो? किती दिवसांत? कोणत्या वेळी चालत नाही? उपाय लागू पडला तर मंत्राचा प्रभाव. नाही पडला तर तुमची श्रद्धा कमी पडली, अमावास्या चुकली, समोरच्याची करणी जबर निघाली. खेळातला मंत्र चुकतो तेव्हा पडद्यावर स्पष्ट दिसते. याचा मंत्र कधी चुकतच नाही, कारण काय झाले म्हणजे तो चुकला असे म्हणायचे, हे कोणी आधी ठरवलेलेच नसते. श्रीलंकेतले मूळचे केरळचे शिक्षक अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये जाहीर केले, की फसवणुकीला जागा नसलेल्या परिस्थितीत कोणीही चमत्कार करून दाखवावा आणि एक लाख श्रीलंकी रुपये न्यावेत. १९७८ मध्ये ते वारले. पैसे कोणी नेले नाहीत.

साप चावल्यावर मांत्रिकाकडे नेलेली काही माणसे जगतात, हे खरे आहे. ती का जगतात? आपल्या भागातले बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणजे मांत्रिकाने काहीही केले नसते तरी ही माणसे जगलीच असती. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांपैकी एखादा खरोखर डसला असेल, तर मांत्रिकाच्या अंगणात गेलेला प्रत्येक अर्धा तास प्रतिसर्पविषाच्या औषधापासून दूर गेलेला अर्धा तास असतो.

विंचवाची गोष्ट याहून बोलकी आहे. विंचू ‘उतरवणारे’ गावोगाव होते. बहुतेक विंचवांच्या दंशाची वेदना काही तासांत आपोआपच उतरते, त्यामुळे मांत्रिकाचा लौकिक टिकून राही. पण लाल विंचवाचा दंश वेगळा. त्यात हृदयावर ताण येतो, फुप्फुसांत पाणी भरते आणि विशेषतः लहान मुले दगावतात. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात काम करीत होते. त्यांनी प्रत्येक रोग्याशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. दंशानंतर शरीरात काय बिघडते याचा क्रम त्या नोंदींतून त्यांना दिसला. मग १९८० च्या दशकात त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे, मुळात भलत्याच कामासाठीचे औषध वापरून पाहिले. मृत्यू झपाट्याने कमी झाले. ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचे काम छापले, आणि इतर डॉक्टरांनी आपापल्या गावी ते पडताळून पाहिले. वहीवाला माणूस आणि बिनवहीवाला माणूस यांतला हा फरक.

महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी अनेक वर्षे झटत होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे, एखाद्यावर करणी-भानामतीचा आळ घेऊन छळ करणे, हे आता गुन्हे आहेत. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या गावात असे काही घडत असेल तर शिक्षकांना सांगा. ‘आपण लहान आहोत’ म्हणून गप्प बसू नका.

आता खेळांवरचा तो मोठा आक्षेप. पुष्कळ खेळांत पैसे देऊन एक बंद पेटी उघडता येते. आत दुर्मीळ तलवार असेल किंवा भंगार असेल. बऱ्याच वेळा ती तलवार निघण्याची शक्यता किती, हे ठळकपणे सांगितलेले नसते. समजा ती शंभरात एक आहे. मग शंभर पेट्या घेतल्या तर तलवार नक्की मिळेल ना? गणित करा: एका पेटीत ती न मिळण्याची शक्यता ०.९९, शंभर वेळा न मिळण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. शंभर पेट्यांचे पैसे घालूनही तिघांतला एकाहून अधिक माणूस रिकाम्या हाताने परततो. आगीचा गोळा टाकणारा मांत्रिक मुलांना फसवत नाही; ही पेटी फसवते. आत नियम आहे, पण तो तुमच्यापासून झाकून ठेवला आहे. पालकांनी रागवायचे असेल तर इथे रागवावे.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. खेळाचे नियम कोणीतरी बसून रचलेले असतात. उद्या कंपनीला वाटले तर आगीच्या गोळ्याची ताकद निम्मी होईल. निसर्ग आपले नियम असे बदलत नाही, आणि त्यांचे पुस्तकही हाती देत नाही. ते एकेक पान करून आपल्यालाच लिहावे लागते, आणि ते फार कंटाळवाणे काम असते.

किती कंटाळवाणे, हे दक्षिणेच्या रस्त्याच्या टोकाला पाहायला मिळते. बालाघाटाच्या पठारावर आज पवनचक्क्या फिरतात. वाऱ्याला कामाला लावण्याची विद्या आपल्याला साधली आहे. पर्जन्यास्त्राचे काय? ढगात विमानाने क्षारांचे सूक्ष्म कण सोडून पाऊस वाढवता येतो का, हा प्रश्न मराठवाड्याला फार जिव्हाळ्याचा. विमान उडाले आणि पाऊस पडला म्हणून तो विमानामुळे पडला असे होत नाही. विमान नेतात तेच मुळी ढग असलेल्या दिवशी! म्हणून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात वेगळी रीत वापरली. योग्य दिसणारे ढग निवडायचे. त्यांतल्या कोणत्यात कण सोडायचे आणि कोणत्यात सोडायचे नाहीत ते निव्वळ चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायचे. मग दोन्ही गटांचा पाऊस रडार आणि पर्जन्यमापकांनी मोजायचा. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. योग्य ढग असतील तर वाऱ्याच्या दिशेने पुढच्या सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढला. ढगच नसतील तर काहीही होत नाही. कोरड्या आकाशातून धो धो पाऊस पाडणारे अस्त्र हे नव्हे.

हीच रीत तुम्ही वर्गात वापरू शकता. दहा सारखे कप घ्या, प्रत्येकात सारखी माती, सारखे पाणी आणि मटकीचे पाच पाच दाणे. कपांना क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या टाकून पाच कप निवडा. या पाच कपांवर रोज सकाळी वर्गातल्या एकाने कोणताही ‘वाढीचा मंत्र’ म्हणावा. हवा तर खेळातला म्हणावा. मंत्र म्हणताना कप खोलीबाहेर न्यावे, आणि उरलेले पाचही तितकाच वेळ बाहेर ठेवून आणावे. आठव्या दिवशी रोपांची उंची मोजणारा विद्यार्थी दुसरा असावा आणि त्याला चिठ्ठ्या दाखवू नयेत. बहुधा एखाद्या कपात एकही दाणा उगवणार नाही. असा कप हिशेबात धरायचा की वगळायचा, हे पहिल्या दिवशी, चिठ्ठ्या टाकण्याच्या आधीच ठरवून वहीत लिहून ठेवा.